किती झाले रे?

हॉस्टेलमागच्या ग्राऊंडवर रोज संध्याकाळी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "किती झाले रे?" एक म्हणतो त्रेचाळीस, दुसरा म्हणतो एकेचाळीस. मग त्या दोन रनांवरून जो गोंधळ होतो तो विचारू नका! शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा. नाहीतर ज्याची बॅट त्याचा.

अंपायर असतो बॅटिंग साईडचाच एक भिडू. त्याचं अर्धं लक्ष आपला नंबर कधी येतोय याकडे. कॅरमला तर तोही नाही. एका रूमवर काळी १०, पांढरी २०, राणी ५०. शेजारच्या रूमवर वेगळाच हिशोब. फाऊलला सोंगटी परत ठेवायची का, हे अर्धा बोर्ड झाल्यावर ठरतं, आणि ठरवणारा नेमका जिंकत असलेला! कोणी हरकत घेतली की, "अरे, मजा म्हणून खेळतोय ना, सोड की." मजाच आहे तर तूच सोड ना दोन रन!

यात भरडला जातो तो फर्स्ट इयरचा पोरगा. सीनियरचा पहिला बॉल 'ट्रायल', याचा मात्र थेट दांडी गुल. गल्लीतला लिंबूटिंबू आऊट झाला तरी खेळायचा. इथला लिंबूटिंबू आऊट नसला तरी आऊट! बिचारा भांडत नाही, चार दिवसांनी यायचाच बंद होतो. मग आपणच म्हणतो, नवीन बॅच रूमवर मोबाईल घेऊन बसते.

१९८० साली वानखेडेवरच्या कसोटीत अंपायरने आऊट दिलेल्या बॉब टेलरला आपल्या कॅप्टनने, गुंडाप्पा विश्वनाथने, परत बोलावलं. टेलरने बोथमबरोबर १७१ची भागीदारी केली आणि आपण १० विकेट्सनी हरलो. तिथे कसोटी पणाला होती, आपल्याकडे फार तर एक वडापाव असतो!

तेव्हा मित्रांनो, प्रत्येक ओव्हरनंतर स्कोअर ओरडून सांगा आणि भिंतीवर लिहा. लिहिणारा बॅटिंग साईडचा नको. कॅरमचे नियम पहिल्या स्ट्राईकआधी ठरवा. दोन्ही कॅप्टनचं पटलं नाही तर बॉल परत टाका, मग बॅट्समन सीनियर असो की ज्युनियर. खडूचं म्हणाल तर वर्गात फळ्याखाली तुकडे पडलेलेच असतात.