पिल्लू आणण्यापूर्वी आपले घर पाहावे

परीक्षा संपून शाळांना सुटी लागली, की अनेक घरांत मुलांचा एक हट्ट सुरू होतो : आपल्याकडे कुत्र्याचे पिल्लू हवे. हट्ट वाईट नाही. मुक्या जिवाची काळजी घेताना मुले नियमितपणा शिकतात आणि घरातील वृद्धांनाही सोबत मिळते. मात्र परभणीत हा हट्ट पुरविण्याचा काळ नेमका वैशाखाचा असतो आणि निवड बहुधा मोबाइलवरील छायाचित्र पाहून होते.

गेल्या उन्हाळ्यात परिचयातील एका कुटुंबाने दाट केसांचे, थंड प्रदेशातील जातीचे पिल्लू आणले. घर पत्र्याचे, दुपारी विजेचा भरवसा नाही. पिल्लू दिवसभर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर धापा टाकीत पडून राही. महिनाभरात ते दुसऱ्याच्या हवाली करावे लागले. मुलीचे रडणे थांबण्यास बरेच दिवस लागले. त्या पिल्लाचा यात काय दोष? त्याची निवड करताना घराचा विचारच झाला नव्हता.

म्हणून पहिला प्रश्न हवामानाचा. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच शरीर थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य उपाय. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हेच नीट जमत नाही. हस्की वा सेंट बर्नार्ड यांच्या अंगावर बर्फासाठी घडलेली लोकर असते. पारा 42 अंशांच्या पुढे जातो तेव्हा अशा जिवाला उष्माघात होण्यास एक दुपार पुरेशी ठरते.

दुसरा प्रश्न वेळेचा. कुत्रा साधारण 10 ते 13 वर्षे जगतो. आज चौथीत असलेला मुलगा पदवीधर होईपर्यंत हे नाते चालणार. पहाटेचे फिरविणे, खाणे, स्वच्छता हे सारे मुले करतील असे ठरते आणि अखेरीस ते आईच्या वा आजीच्या वाट्याला येते. तेव्हा त्यांचे मत सर्वांत आधी विचारावे. घरात रांगते मूल किंवा काठी टेकून चालणारे आजोबा असतील, तर अंगाने मोठ्या व दांडग्या होणाऱ्या जातीचा मोह टाळावा.

आपल्या भागातील माणसाला कारवानचे नाव नवे नाही. मराठवाडा आणि लगतच्या कर्नाटकात हा सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा पूर्वापार पाळला जातो. त्याचाच आप्त असलेल्या मुधोळ हाउंडवर भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये तिकीट काढले. आखूड केसांमुळे तो आपल्या उन्हाला सरावलेला असतो. शेतातील आखाड्यावर, जिथे धावण्यास मोकळे रान आहे, तिथे तो शोभतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत मात्र त्याची कुचंबणाच होते. उपजत वृत्तीमुळे तो कोंबड्या, मांजरे व शेळ्यांच्या करडांमागेही धावू शकतो. देशी जात असली, तरी ती प्रत्येक घरासाठी योग्य असतेच असे नाही.

आपल्यासारख्या बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना गल्लीत जन्मलेले गावठी पिल्लू उत्तम. इथल्या हवेत त्याच्या अनेक पिढ्या वाढलेल्या असतात. ते विकत घ्यावे लागत नाही आणि एका बेवारस जिवाला घर मिळते.

पिल्लू कोणतेही असो, ते आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. त्याहून लहान पिल्लांच्या विक्रीस 2017 च्या केंद्रीय नियमांनीही मनाई आहे. भावंडांत राहूनच पिल्लू चावा किती जोरात घ्यावा याचा संयम शिकते. शक्य असल्यास आईचा स्वभाव पाहावा. कोपऱ्यात दडणारे किंवा सतत दुसऱ्यांवर तुटून पडणारे पिल्लू घेण्यापेक्षा स्वतःहून जवळ येऊन हुंगणारे पिल्लू निवडावे. डोळे व नाक स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखालचा भाग कोरडा असावा. पोट फुगलेले असल्यास जंतांची शंका घ्यावी. कानांच्या आत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, तेही पाहावे.

घरी आणल्यावर आठवड्याच्या आत पशुवैद्यकाकडे जावे. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या जिल्ह्याची मोठी सोय. जंतनाशक औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तेव्हा तिचे पुनर्लसीकरण, हा क्रम चुकवू नये. उरलेली भाजी-आमटी वाढताना सांभाळावे. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना अपाय करतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘एवढेसे पिल्लू, त्याच्या दाताने काय होणार?’ असे म्हटले जाते. रेबीज पिल्लालाही होतो व त्याच्या चाव्यातून माणसाला होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. लस न झालेल्या वा अनोळखी पिल्लाचा दात लागला, नुसते ओरखडले तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी व सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. मुले असा ओरखडा रागावण्याच्या भीतीने लपवितात. म्हणून ‘सांगितलेस तर कोणी रागावणार नाही’ हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

शेवटी एक सूचना. पुढील अंक हाती येईपर्यंतचे पंधरा दिवस पिल्लू घरात आहे असे समजून वागून पाहावे. साडेपाचला कोणी उठायचे, दुपारी सावलीतील पाणी कोणी बदलायचे, गावी जाताना त्याला कोठे ठेवायचे, हे ठरवावे व पाळावे. पंधराव्या दिवशीही घरातील सर्वांचा होकार कायम राहिला, तर खुशाल पिल्लू आणावे. नाहीच जमले, तर अंगणात पाण्याचे एक भांडे भरून ठेवावे आणि गल्लीतील कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेण्यास हातभार लावावा. मुलांना जिव्हाळा शिकविण्याचा तोही एक चांगला मार्ग आहे.