इगतपुरीत जमीन घ्यावी काय?

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या डोक्यात एक एकर जमीन उगवते. तिच्यावर कौलारू घर असते, परसात अळू असतो, गोठ्यात गाय असते आणि ती गाय कधी आजारी पडत नाही. मुंबई-ठाण्याच्या मंडळींची ही जमीन सध्या बहुधा इगतपुरी तालुक्यात उगवते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला, कसारा घाटाची धास्ती कमी झाली, आणि शनिवार-रविवारी जमीन पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या.

बँकेच्या नोकरीत मी शेतकर्जाचे पुष्कळ अर्ज पाहिले. अर्जदार काय म्हणतो त्याआधी सातबारा काय म्हणतो ते वाचायचे, ही सवय अजून सुटलेली नाही. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळकायद्याचे कलम ६३ ते सांगते. कर्नाटकाने असली अट २०२० मध्ये काढून टाकली, आपण ठेवली. दुसरे, आदिवासी खातेदाराची जमीन. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाची पूर्वमान्यता, दोन्ही लागतात. इगतपुरीत अशी जमीन पुष्कळ आहे. ‘कागद नंतर करून देऊ’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला चहा पाजून निरोप द्यावा. तिसरा प्रकार ‘फार्महाऊस प्लॉट’चा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा चार-पाच गुंठ्यांचा तुकडा सहसा वेगळ्या सातबाऱ्यावर चढत नाही. मग दहा अनोळखी माणसांची नावे एकाच उताऱ्यावर सामाईक लागतात, आणि पुढे एकाला विकायचे झाले की उरलेल्या नऊ जणांच्या सह्या गोळा करत फिरावे लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, सारे तिथे बसलेले असते.

पण कागद स्वच्छ निघाले तरी पाण्याचा प्रश्न उरतो, आणि तोच खरा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्यातल्या येवल्या-नांदगावला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. आषाढात आलेला पाहुणा भाताची खाचरे आणि धबधबे पाहून विसार देऊन जातो. त्याला ठाऊक नसते की हा सारा पाऊस चार महिन्यांचा. खाली काळा कातळ, वर उतारावर वीतभर माती. पाणी मुरत नाही, पळते. पळून दारणा, भावली, मुकणे, वैतरणा अशा धरणांत साठते, पण ते धरणाशेजारच्याचे नसते. दारणा ब्रिटिशांच्या काळातले धरण; त्याचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांनी निफाड, कोपरगावच्या शेतांत जाते. वैतरणेचे मुंबईच्या नळाला येते. आणि ज्यांच्या उंबऱ्यावरून ते गेले, त्या वाड्यापाड्यांवरच्या बायका मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. जलाशयाचा देखावा दिसतो म्हणून जास्त भाव मोजणाऱ्याने हे समजून घ्यावे की त्यातले पाणी उचलायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते.

तेव्हा जमीन पाहायला श्रावणात जाऊ नये, वैशाखात जावे. शेजारच्या विहिरीत दोर सोडून पाहावा. कूपनलिका कुणाच्या किती कोरड्या गेल्या, हे गावात विचारावे.

पिकाचे म्हणाल तर भात, नागली, वरई ही इथली पिके, आणि भाताची लावणी चिखलात वाकून करायची. त्यासाठी माणसे लागतात. लावणीच्या दिवसांत ती ज्याच्या त्याच्या शेतात असतात. शेतीवर पोट भरायचे असेल तर मी दिंडोरीकडे बोट दाखवीन. तिथे वाघाड धरणावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या केल्या, शेतकरी आपले पाणी आपण मोजून वाटू लागले. मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी आहे. अर्थात भावही त्याच मानाने, आणि द्राक्षाची एक अवकाळी गारपीट पेन्शनरच्या पुंजीला झेपणारी नव्हे. इगतपुरीत राहावे, हवा खावी, घरापुरता भात आणि चार आंबे लावावेत. पण भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम त्यात घालू नये.

आणखी एक गोष्ट नोटीस-बोर्डावर लागत नाही. जमीन विकणारा बहुधा कर्जापायी किंवा मुलीच्या लग्नापायी विकतो. आपल्याकडचा एकमेव सातबारा गेला की शेतकरी असल्याचा कागदोपत्री पुरावाही त्याच्या हातून जातो. मग तोच माणूस नव्या मालकाच्या फाटकावर रखवालदार म्हणून उभा राहतो. नव्या मालकाला गाय आजारी पडली म्हणजे काय करायचे, ते त्यालाच विचारावे लागते.