दुखणे आणि टक्केवारी

काही आठवड्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक शिंपीकाका आम्हांस भेटावयास आले. हाती प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेली वैद्यकीय कागदपत्रे होती. गेली सहा वर्षे ते पार्किन्सन्सच्या विकाराशी झुंजत आहेत. हात कापू लागला तेव्हा प्रथम काजे-बटणे सुटली, मग कापड बेतणे सुटले आणि अखेर शिलाईचे यंत्रच त्यांनी भाच्याला देऊन टाकले. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी शासकीय रुग्णालयातून बोलावणे आले, त्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, कारण ती घेतल्याशिवाय गाडीत चढणेच शक्य नव्हते. वैद्यकीय मंडळासमोर ते आपल्या पायांनी चालत गेले, प्रश्नांची उत्तरे दिली, वेडीवाकडी का होईना, सहीही केली. दाखल्यावर आकडा आला ३० टक्के. शासकीय साहाय्यासाठी किमान ४० टक्के लागतात.

"मला एवढेच सांगा," काका म्हणाले, "पुढच्या वेळी सकाळची गोळी न घेताच जाऊ का?"

आम्ही काही काळ निरुत्तर झालो. ज्यांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाचे वीतभर कापड ठेवून घेतले नाही, त्यांच्यावर आपले खरे दुखणे खरे दिसावे म्हणून औषध टाळण्याचा विचार करण्याची पाळी यावी, ही गोष्ट मनाला लागून राहिली. प्रश्न एका काकांपुरता नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

काकांना मुळात अर्ज करता आला, ही कायद्याची पुण्याई मान्य केली पाहिजे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे केवळ सात प्रकार होते, आणि कंपवाताच्या रुग्णास त्यांत स्वतःची अशी जागा नव्हती. १९ एप्रिल २०१७ पासून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अंमलात आला आणि सातांचे एकवीस झाले. पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे मज्जासंस्थेचे विकार, तसेच हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे विकार त्या यादीत आले. आजारही माणसाला पंगू करू शकतो, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले.

परंतु यादी बदलली तरी फूटपट्टी फारशी बदलली नाही. तुटलेला हात सोमवारी जितका तुटलेला असतो तितकाच तो गुरुवारीही असतो. पार्किन्सन्सचे तसे नाही. लेव्होडोपा हे औषध पोटात गेले की काही तास शरीर मोकळे होते, माणूस चालतो, बोलतो, हसतो. औषधाचा अंमल ओसरला की तोच माणूस पलंगावर कूस बदलू शकत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला महिनोन् महिने काही होत नाही आणि एके सकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा पाय उचलत नाही. सिकल सेलच्या रुग्णाच्या हाडांतील कळा तर कोणाला दिसतच नाहीत. अशा माणसाला मंडळ काही मिनिटे पाहते आणि एक आकडा लिहून देते. शिवाय आजार पुढे कमी-अधिक होण्याचा संभव असेल तर दाखला ठरावीक मुदतीचा मिळतो. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.

मंडळावरील डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. समोर ताटकळलेली माणसे असतात, आणि खोट्या दाखल्यांचा रोगही या राज्यात काल्पनिक नाही. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून केवढे वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती केली आणि दाखला देण्यासाठी पूर्वी असलेली एक महिन्याची मुदत तीन महिन्यांवर नेली. संशय वाढला की त्याचा भार बनावट दाखलेवाल्यापेक्षा दुखणे अंगावर न दिसणाऱ्यावर अधिक पडतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यादीबाहेर राहिलेल्यांची स्थिती तर याहून बिकट आहे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा रुग्ण नोकरी धरू शकत नाही, तरी एकवीस प्रकारांत त्याचे नाव नाही. गंमत अशी, की डायलिसिसच्या प्रवासासाठी रेल्वे त्याला भाड्यात सवलत देते, म्हणजे तिकीट खिडकीला त्याचे दुखणे कळते! यादीत असलेल्यांनाही सर्व दारे उघडी नाहीत. उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांसाठी थॅलेसेमियाचा विद्यार्थी पात्र ठरतो. मात्र शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षण ज्या प्रकारांत वाटून दिले आहे, त्यांत रक्तविकार नाहीत आणि पार्किन्सन्स व मल्टिपल स्क्लेरोसिसही नाहीत.

आता पैशांविषयी. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के दिव्यांगत्व लागते, आणि ८० वर्षांच्या आतील लाभार्थ्यास केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना अधिक उदार आहे. तिच्यातील दिव्यांगांचे अनुदान सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६७. घरात कोणी रोज दीडशे रुपये मिळवीत असेल आणि वर्षभर एकही खाडा न करता राबत असेल, तर ते कुटुंब मर्यादेबाहेर गेले. काकांचा धाकटा मुलगा एका दुकानात कामाला आहे. त्याचा पगार या मर्यादेच्या वर आहे आणि काकांच्या औषधांतच त्याचा मोठा हिस्सा जातो. तेव्हा उद्या ४० टक्के मिळाले तरी अनुदान मिळेलच असे नाही, हेही आम्हांला त्यांना सांगावे लागले. त्यांनी मान हलवली. "दाखला तरी असू दे," म्हणाले. मिळकतकरात मुलाला काही सूट मिळेल, रेल्वेच्या डब्यात बसायला मिळेल, आणि आजारी असल्याचे कोणीतरी लिहून दिलेले असेल.

या अंधारात एक न्यायनिवाडा आवर्जून सांगण्याजोगा आहे. लिहिताना हात आखडण्याचा जुनाट विकार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचे दिव्यांगत्व ४० टक्के नव्हते. तपासणीत ते ६ टक्के भरले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. दिव्यांग व्यक्तीची कायद्यातील व्याख्या व्यापक आहे, दीर्घकाळची उणीव आणि समाजातील अडथळे यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही ती दिव्यांग व्यक्ती. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, प्रत्येक सोयीसाठी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकालाची तारीख ११ फेब्रुवारी २०२१, आपल्या ख्रिस्तसभेत जागतिक रुग्ण दिन म्हणून पाळली जाते तीच. योगायोगच, पण आम्हांला तो आवडला.

काकांना आम्ही काय उत्तर दिले? गोळी चुकवू नका, असेच. हे औषध अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. त्याऐवजी मंडळाला संपूर्ण दिवस दाखवा. पंधरा दिवस एका वहीत गोळीची वेळ, ती किती तास चालली, त्यानंतर काय करता आले नाही, कोणी उठवले, कोणी भरवले, हे लिहा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून औषध ओसरल्यानंतरच्या अवस्थेविषयी लेखी अभिप्राय घ्या. 'कसे आहात?' या प्रश्नाला 'बरा आहे, देवाची कृपा' असे उत्तर देण्याची आपल्या लोकांची जुनी सवय त्या खोलीत बाजूला ठेवा, तिथे तो शिष्टाचार नसून तक्रारीचा अभाव समजला जातो. सोबत घरचे माणूस असू द्या, कारण रात्रीचे हाल रुग्णापेक्षा त्याला अधिक ठाऊक असतात. आणि निर्णय मान्य नसेल तर कायद्याच्या कलम ५९ अन्वये अपील करता येते.

वही आता काकूंच्या हस्ताक्षरात भरत आली आहे. आम्ही तिची काही पाने चाळली. एका पानावर पहाटे ३.१० अशी वेळ आहे आणि पुढे एवढेच, 'पाणी हवे होते, हाक मारता आली नाही.' अपिलाच्या अर्जासोबत या पानाची छायाप्रत जोडली आहे.