धाप कुणाची?

आमच्या शेजारचा मुलगा लातूरला शिकवणीसाठी असतो. दिवाळीला नांदेडला घरी आला तो डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेची घोकंपट्टी बरोबर घेऊनच. उजवे हृदय काळपट रक्त फुप्फुसांकडे धाडते, डावे हृदय तिथून आलेले लालभडक रक्त अंगभर खेळवते, असे तो आजीला ऐकवत होता. आजी नुकतीच जिना चढून भिंतीला टेकलेली. म्हणाली, "ते राहू दे रे बाबा, माझ्या दम्याचं काय ते सांग!"

पोरगा गप्प झाला. म्हणून वाचकहो, हा खटाटोप.

रक्त फिरते हे विल्यम हार्वेने १६२८ साली सिद्ध केले. पण ते फुप्फुसांत कुठून कसे जाते, ते १६६१ साली मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथे कोट्यवधी वायुकोश आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या. मधला पडदा इतका तलम की रक्त पाऊण सेकंदात तिथून पुढे सरकते आणि तेवढ्यात कर्बवायू टाकून प्राणवायू उचलते! बसल्या जागी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त उजवीकडून जाते. तितकेच डावीकडून बाहेर पडावे लागते.

नाही पडले तर? लातूरहून नांदेडकडे निघालेल्या एस.टी. गाड्यांना लोह्याजवळ रस्ता बंद मिळाला, की रांग मागे अहमदपुराकडे वाढते. तसेच हे. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आकसली, की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते, पाणी झिरपते, प्राणवायूची वाट अडते. दोष झडपेचा आणि धापा टाकायच्या फुप्फुसांनी! आडवे पडले की त्रास वाढतो, उठून बसले की हलका होतो. रात्रीची धाप दम्यातही लागतेच. म्हणून घरबसल्या निदान करू नये. छातीला नळी लावली तर झडपेची कुरकुर ऐकू येऊ शकते, आणि इको तपासणीत ती झडप दिसतेच.

झडप बिघडण्याचे मूळ पुष्कळदा बालपणात असते. घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात. सांधे बरे होतात, झडपेवरचा व्रण राहतो.

मी आजींना विचारले, "रात्री उशा किती घेता?"

"तीन."

"लहानपणी गुडघे सुजले होते?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

भाऊबीज उरकल्यावर नातू त्यांना तपासणीला घेऊन गेला. झडप आकसलेलीच निघाली. तोंडपाठ केलेले चारही कप्पे पडद्यावर धडधडताना पाहून तो घरी येईपर्यंत बोलला नाही. आजी मात्र म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच दम्याला शिव्या घातल्या की!"