भातावरचे दोन करपे



श्रावण-भाद्रपदात अलिबाग, मुरूडकडच्या खाचरांत भाताची पात करपू लागली की आपण दुकानात जाऊन ‘करप्याचे औषध’ मागतो. पण करपे दोन आहेत. एक बुरशीचा, दुसरा जिवाणूंचा. हा फरक कळला नाही तर औषधाचा पैसा वाया जातो.

फरकाचे मूळ पेशीच्या घडणीत आहे. भात, बैल, माणूस आणि बुरशी यांच्या पेशीत आनुवंशिक द्रव्य पडद्याच्या आत असते. त्याला केंद्रक म्हणतात आणि अशा पेशीला दृश्यकेंद्रकी पेशी. घरात माजघर, स्वयंपाकघर, देवघर वेगळे असावे तशी ही पेशी. जिवाणूची पेशी आदिकेंद्रकी. ती फार लहान, तिला केंद्रकाचा पडदा नाही. सारा संसार एकाच खोलीत. म्हणून करप्यावरची नेहमीची बुरशीनाशके बुरशीच्या पेशीतील ज्या भागांवर घाव घालतात, ते जिवाणूत नसतात किंवा निराळे असतात.

बुरशीच्या करप्यात पातीवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी ठिपके पडतात. जिवाणूजन्य करप्यात पात शेंड्याकडून कडेकडेने पिवळी पडून नागमोडी रेषेत वाळत जाते. शंका असल्यास रोगट आणि हिरवा भाग मिळतो तिथला तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरावा. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधट धार उतरली तर तो जिवाणूच.

जिवाणूजन्य करपा असल्यास युरियाचा हप्ता थांबवावा. खाचरातील पाणी काढावे, मात्र ते शेजारच्या निरोगी खाचरात सोडू नये. त्या शेतातले बी पुढच्या सालाला धरू नये. रोगाला दाद न देणाऱ्या जातींची चौकशी कर्जतच्या संशोधन केंद्रात करावी. बुरशीचा करपा असल्यास आमच्या खात्याच्या माणसाला पात दाखवून शिफारशीचे बुरशीनाशक फवारावे.

सगळेच जिवाणू वैरी नव्हेत. भातानंतर आपण वाल करतो. फुलावर आलेले एखादे झाड अलगद उपटून मुळावरची गाठ फोडा. आत गुलाबी रंग दिसेल. तिथे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देत असतात. केंद्रकाची पेशी आणि बिनकेंद्रकाची पेशी तिथे एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात.

तेव्हा आधी पात नीट पाहा, मग पंप पाठीला लावा.