शाबासकी नको, तास द्या

"शिक्षक बघा, रात्री ट्विटरवर बसून स्वतःच शिकायचे. याला म्हणतात पॅशन!" असली वाक्यं ऐकली की माझं डोकं सटकतं. कौतुकाबद्दल तक्रार नाही हो. तक्रार आहे ती 'रात्री' आणि 'स्वतःच' या दोन शब्दांबद्दल.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तिघा शिक्षणवाल्यांनी #एडचॅट सुरू केलं. दर मंगळवारी, ठरलेल्या वेळी, एक तास गप्पा. पाठोपाठ ब्रिटनमध्ये #यूकेएडचॅट आलं, दर गुरुवारी रात्री आठ ते नऊ. मग विषयवार, गाववार अशी रांगच लागली. बऱ्याच चॅटमध्ये सूत्रधार 'प्रश्न १' टाकायचा आणि बाकीचे 'उत्तर १' लिहून तुटून पडायचे. गृहपाठ द्यावा का, वह्या कशा तपासाव्यात, असले रोजच्या धबडग्यातले प्रश्न.

"१४० अक्षरांत कसलं डोंबलाचं शिक्षण?" असं आपल्यातलाच कुणीतरी म्हणणार. मंडळी, आपण कुठे शिकलो? २००८ पासून आपला अर्धा धंदा स्टॅक ओव्हरफ्लोच्या चार-चार ओळींवर चाललाय. काल त्याच खड्ड्यात पडलेला माणूस आज आपल्याला वाट दाखवतो, हेच तर शिक्षण. छोट्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकटाच असतो. त्याने अडल्यावर विचारायचं कुणाला? त्या एका तासात त्याला शंभर सहकारी भेटायचे.

फरक इतकाच, की आपण स्टॅक ओव्हरफ्लो उघडतो ते ऑफिसात, पगारी वेळेत. शिक्षक मात्र वह्या, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास उरकून रात्री आठला बसणार. आठवड्याला एक तास, वर्षाचे ४० आठवडे धरा. झाले ४० तास. म्हणजे आपला अख्खा पाच दिवसांचा आठवडा, बिनपगारी! आणि ज्या बाईंच्या घरी त्या वेळी तान्हं बाळ रडतंय, त्यांचं काय? त्यांना पॅशन नाही?

बरं, जागा तरी स्वतःची होती का? बरेच जण ज्यावर चॅट जपून ठेवायचे ते स्टोरिफाय २०१८ मध्ये बंद पडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरचा मालक बदलला. २०२३ मध्ये नाव एक्स झालं आणि चॅट सांभाळायला सोयीचं ट्वीटडेक पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं. कितीतरी शिक्षक बाडबिस्तरा उचलून मॅस्टोडॉन नि ब्लूस्कायवर गेले. वेळ स्वतःच्या घरचा, जागा परक्याची. अशा पायावर कुणी शिक्षक-प्रशिक्षण उभारतं का राव?

जपानकडे बघा. तिथे शिक्षक मिळून एक धडा आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात बसून बघतात आणि नंतर चर्चा करतात. हे 'पाठ-संशोधन' शाळेच्या कामातच धरलं जातं. शिवाय तिथे वर्ग डोळ्यांनी दिसतो, जो चॅटमध्ये कधीच दिसत नाही.

आपल्याकडे तरतूद नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ म्हणतो, शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावं, 'तयारीचे तास धरून'. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास मागतं. मग हे ५० त्या ४५ च्या आत बसवा की! महाराष्ट्रात केंद्रावर शिक्षण परिषद होतेच. तिथला एक तास शिक्षकांनीच आणलेल्या प्रश्नांना द्या. विषय त्यांचे, सूत्रधार त्यांच्यातला, साहेब फक्त ऐकणार. लांबच्या शाळांसाठी तोच तास ऑनलाइन घ्या, पण शाळेच्या वेळेत. आणि कृपा करून त्याचं सर्टिफिकेट काढू नका. हजेरीची सही आली की प्रश्न विचारणारे गप्प होतात.

चॅटने एक गोष्ट सिद्ध केली. शिक्षकांना शिकायचं असतं, त्यासाठी हाकावं लागत नाही. या पुराव्याचा उपयोग त्यांना वेळ देण्यासाठी व्हायला हवा होता, झाला तो वेळ न देण्यासाठी.

असो. पटत नसेल तर एवढं करा. उद्या मॅनेजर म्हणाला, "ट्रेनिंग दर गुरुवारी रात्री आठला, घरून, बिनपगारी, कारण तुम्हाला पॅशन आहे," तर त्याला काय उत्तर द्याल ते मनातल्या मनात म्हणून बघा. शिक्षकांचंही तेच उत्तर आहे. ते बिचारे सभ्य शब्दांत देतात, इतकंच.