आरोग्यविचार : डब्यातील न्यूक्लिइक अम्ले आणि घरचे ताट

जैनथच्या एका भगिनींनी विचारले आहे : "सुनेच्या बाळंतपणाला दीड महिना झाला. बाळ अंगावर पिते व वजनही नीट वाढते आहे. तरी त्याची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून न्यूक्लिओटाइडे घातलेले डब्याचे दूध सुरू करावे, आणि सुनेला न्यूक्लिइक अम्लांची भुकटी द्यावी, असे एक परिचित आग्रहाने सांगतात. दोन्ही वस्तू महाग आहेत. घ्याव्यात काय?" हा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो, म्हणून येथे थोडा विस्तार करीत आहोत.

न्यूक्लिइक अम्ले प्रत्येक सजीव पेशीत असतात. १८६९ साली फ्रीड्रिख मीशर या स्विस संशोधकाने जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे, जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पांढऱ्या पेशींतून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. त्यांपैकी डीएनए आनुवंशिक गुणांची नोंद जपते, तर आरएनए त्या नोंदीप्रमाणे प्रथिने घडविण्यास साहाय्य करते. दोन्ही ज्या लहान घटकांच्या साखळ्या आहेत, त्यांना न्यूक्लिओटाइडे म्हणतात.

ज्या अन्नात पेशी आहेत त्या सर्वांत ही अम्ले कमीअधिक असतात. तूर, हरभरा, ज्वारी, भाज्या, मासे, मांस ही त्याची उदाहरणे. तेलात व साखरेत मात्र ती जवळजवळ नसतात. खाल्लेले डीएनए जसेच्या तसे आपल्या पेशींत जाऊन बसत नाही. स्वादुपिंडाच्या रसातील पाचकद्रव्ये ते तोडतात, आतड्याच्या भिंतीशी त्याचे आणखी बारीक तुकडे होतात आणि मग ते शोषले जातात. त्यांतील प्यूरीन वर्गाच्या तुकड्यांचा बराच मोठा भाग तेथेच यूरिक अम्लात रूपांतरित होतो.

मग शरीर आपली गरज कशी भागविते? मुख्यतः स्वतः बनवून. प्रथिनांपासून मिळणारी ग्लायसीन, ग्लुटामीन व अ‍ॅस्पार्टिक अम्ल ही द्रव्ये आणि फॉलिक अम्ल हे जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने पेशी नवी न्यूक्लिओटाइडे रचतात. जुन्या पेशींच्या मोडतोडीतून निघालेले तुकडेही पुन्हा वापरतात. आतड्याचे अस्तर काही दिवसांतच नवे होते, आणि रोगजंतू शिरताच पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढाव्या लागतात. अशा ठिकाणी आयते तुकडे उपयोगी पडतात. १९८६ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील अनिल कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर याची परीक्षा केली. न्यूक्लिओटाइडे अजिबात नसलेल्या आहारावरील उंदीर जंतुसंसर्गाला लवकर बळी पडले. आहारात आरएनए किंवा युरॅसिल घातले तेव्हा त्यांचा टिकाव वाढला. परंतु ही अम्ले मुळीच नसलेला आहार प्रयोगशाळेतच सिद्ध करावा लागतो. भाकरी, वरण, भाजी खाणाऱ्या माणसाची अवस्था तशी नसते.

आपल्याकडे उणीव पडते ती बहुधा ही अम्ले घडविणाऱ्या सामग्रीची. तिचा शोध मुंबईतच लागला. १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या घातक पांडुरोगाचा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यावर हा रोग बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अम्ल, हे पुढे सिद्ध झाले. ते कमी पडले की डीएनएची घडण अडते आणि अस्थिमज्जेतील रक्तपेशी नीट विभागत नाहीत. १९४१ साली पालकाच्या पानांतून हे द्रव्य वेगळे काढले गेले व पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. ते कृत्रिम रीतीने बनविण्याच्या कार्यात आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अग्रणी होते.

म्हणून बाळंतिणीच्या ताटात पालक, मेथी, चवळीची पाने, डाळी व उसळी रोज असाव्यात. भाजी फार वेळ शिजवू नये आणि शिजविलेले पाणी फेकू नये. अंबाडी उकडून पिळून काढतो तेव्हा आंबटपणाबरोबर फॉलिक अम्लही जाते. निव्वळ शाकाहारी घरांत दूध-दही पुरेसे हवे, कारण पेशी घडविण्यास बी-१२ हे जीवनसत्त्वही लागते आणि ते भाजीपाल्यातून मिळत नाही. सरकारी आरोग्यकेंद्रात मिळणाऱ्या लोह व फॉलिक अम्लाच्या गोळ्या सांगितल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात. भुकटीचे पैसे वाचवून ते डाळ-दुधावर खर्चावेत.

आता बाळाविषयी. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, डब्याच्या दुधात न्यूक्लिओटाइडे घातल्यावर घटसर्पासारख्या लसींना बाळांचा प्रतिसाद अधिक चांगला दिसला. पण ही तुलना डब्याच्या साध्या दुधाशी होती. न्यूक्लिओटाइडे घालण्याची कल्पनाच मुळी आईच्या दुधावरून घेतलेली आहे. तेथे ती निसर्गतः असतात, शिवाय त्याच्याबरोबर आईची प्रतिपिंडेही मिळतात. डब्यातून ती मिळत नाहीत. वरचे दूध सुरू केले की बाळ अंगावर कमी पिते आणि आईचे दूध आटू लागते; बाटली अस्वच्छ राहिली तर हगवणीचे भय वेगळेच. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अशा डब्यांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. वैद्यकीय कारणाने डबा खरोखरच लागत असेल, तर तो डॉक्टरांनी सांगावा.

एक सूचना घरातील वडीलधाऱ्यांसाठी. ज्यांना गाऊट म्हणजे वातरक्त आहे, त्यांनी न्यूक्लिइक अम्लांची भुकटी मुळीच घेऊ नये. तिच्यातील प्यूरीनांपासून यूरिक अम्ल वाढते व त्याचे स्फटिक सांध्यांत साचून असह्य ठणका लागतो. काळीज, गुर्दे, सुकट व मद्य त्यांनी टाळावे. वरणाची मात्र उगीच धास्ती बाळगू नये. मांसातील प्यूरीनांइतका डाळींचा उपद्रव आढळलेला नाही.

तेव्हा भगिनींनी डबा व भुकटी दोन्ही नम्रपणे नाकारावीत. सुनेला वेळेवर पोटभर जेवण व पुरेशी विश्रांती मिळेल असे पाहावे आणि बाळाच्या लसींच्या तारखा चुकवू नयेत.